फिरती गाडी, हलत्या वाघिणी

चव्वेचाळीस मीटर! भारतीय रेल्वेच्या नियमांप्रमाणे ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवर रुळाला यापेक्षा कमी त्रिज्येचं वळण देता येत नाही. आता ४४ला ८७ने भागा. अर्धा मीटर! म्हणजे ती रेल्वे मॉडेलच्या प्रचलित प्रमाणात ८७ पट लहान केली, तर तिचं खरंखुरं, नियमात बसणारं वळण साधारण एक मीटर रुंदीत मावतं. आणि दुकानात मिळणारं प्लायवुड असतं चार फूट रुंद, म्हणजे १२२ सेंटिमीटर. हा भागाकार मी रात्री जेवणाच्या टेबलावर केला आणि नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवला. कारण त्या एका आकड्यानं बेंगळुरूतल्या आमच्या फ्लॅटमध्ये रेल्वे येऊ शकते हे पक्कं झालं होतं. लहान मुलांची खेळण्यातली गाडी नव्हे. जिला स्टेशन आहे, यार्ड आहे, रोजचं काम आहे, अशी रेल्वे.

ब्रॉडगेजचं हेच गणित करून बघा. रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, जास्तीत जास्त दहा अंशांचं वळण, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. ८७ने भागलं की दोन मीटर. पूर्ण फेरीसाठी चार मीटर रुंदीची जागा लागणार, म्हणजे आमचा सगळा हॉल आणि वर थोडी बाल्कनी. म्हणून जगभर मॉडेल रेल्वे करणारे लोक वळणं आवळून घेतात, लांब डबे त्यावरून वाकडे होऊन जातात, आणि आपण तिकडे काणाडोळा करतो. नॅरोगेजला काणाडोळा करावाच लागत नाही! शिवाय ७६२ला ८७ने भागलं तर येतात पावणेनऊ मिलिमीटर, आणि एन गेज नावाचा नऊ मिलिमीटरचा रूळ जगात सगळीकडे तयार मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक. मला तर हे बघून नाचावंसं वाटलं.

या वेडाची सुरुवात पुण्यात झाली. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली लोकांसाठी खुलं केलेलं लहान रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे एक अख्खं शहर मांडलेलं आहे आणि त्यातून वेगवेगळ्या जातीच्या गाड्या फिरत असतात. पुण्यातल्या कित्येक मुलांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. मी मात्र मोठेपणी भाचीला घेऊन गेले आणि तिच्याआधी माझेच डोळे विस्फारले. गाडी बोगद्यात शिरते, दुसरीकडून बाहेर येते, सिग्नल बदलतो, दिवे लागतात. न थांबता फिरणाऱ्या गाडीकडे बघत बसण्यात जो आनंद आहे तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि मग एकदा यशवंतपूरला गाडीला उशीर होता म्हणून मी पादचारी पुलावर उभी होते. खाली एक इंजिन डबे हलवत होतं. पुढे गेलं, थांबलं, सांधा बदलला, मागे आलं, धक्का बसला, कपलिंग लागलं, पुन्हा पुढे. एक माणूस हातात झेंडी घेऊन इंजिनाला बोलावत होता. प्रत्येक हालचालीला कारण होतं! कुठला डबा आधी काढायचा, कुठे ठेवायचा, मग कुठला ओढायचा. माझी गाडी आली तेव्हा मला चढायची इच्छाच होत नव्हती.

तर आता मला दोन्ही हवं आहे. संध्याकाळी दमून आल्यावर गाडी नुसती फिरत राहावी, आणि रविवारी सकाळी वाघिणी जुळवत, म्हणजे शंटिंग करत, बसता यावं. पण या दोन गोष्टी जागेसाठी एकमेकींशी भांडतात. फिरत्या गाडीला बंद फेरी हवी, मोठी वळणं हवीत, आणि ती वळणं फळीचे दोन्ही टोकांचे भाग खाऊन टाकतात. शंटिंगला सरळ लांबी हवी, सांधे हवेत, शेवट बंद असलेल्या सायडिंग हव्यात. दोन्ही एकाच आठ बाय चार फुटांच्या फळीवर कशी बसवायची, हा प्रश्न इतका सुंदर आहे की मी कामाच्या वहीची मागची पानं त्यानं भरून टाकली आहेत.

आधी शंटिंगचं सांगते, कारण तिथे मला सगळ्यात मोठा खजिना सापडला. इंग्लंडमध्ये ॲलन राइट नावाच्या गृहस्थांनी ‘इंग्लनुक सायडिंग्ज’ नावाचा एक छोटासा आराखडा केला. फक्त दोन सांधे आणि तीन सायडिंग. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. इंजिन ज्या रुळावर मागेपुढे करतं तिथे इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या टाकायच्या, त्यातल्या पाच उचलायच्या, आणि त्याच वाघिणींची, त्याच क्रमानं, लांब सायडिंगमध्ये गाडी तयार करायची. बस, एवढंच! पण आठातून पाच क्रमानं निवडण्याचे प्रकार होतात ६७२०. रोज एक डाव मांडला तर अठरा वर्षं पुरतील. हे खेळायला मॉडेलसुद्धा लागत नाही. कागदावर रूळ काढा, आठ काडेपेट्यांवर आकडे लिहा आणि बसा. तीनपेक्षा जास्त वाघिणी एका वेळी ओढता येत नाहीत या एका अटीमुळे डोकं कसं चालायला लागतं ते बघा. आमच्याकडे आता चहाच्या वेळेला हाच खेळ चालतो. अमेरिकेत जॉन ॲलन यांनी १९७२ मध्ये ‘टाइमसेव्हर’ नावाचं असंच कोडं प्रसिद्ध केलं, तेही गाजलं. पण मला ते मुद्दाम अवघड केलेलं वाटतं. इंग्लनुकमध्ये खऱ्या यार्डाचा श्वास आहे.

आता हे कोडं फेरीच्या आत कसं बसवायचं? इथे देव धावून आला तो आमच्याच इमारतीतल्या एका काकांच्या रूपानं. मिरजेच्या यार्डात उभी हयात गेली, आता मुलीकडे बेंगळुरूला असतात. मिरज म्हणजे एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्हींचं जंक्शन. तिथे काम केलेल्या माणसाला काय माहीत नसेल! मी त्यांच्यासमोर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. त्यांनी आधी फेरी काढली, आणि दुसरी रेघ लगेच काढली ती शंटिंग नेकची.

“ताई, आधी नेक काढा, मग बाकी सगळं,” ते म्हणाले. “नेक नसली की शंटिंगवाला मेन लाइनवर येणार. तो मेन लाइनवर आला की येणारी गाडी सिग्नलला उभी. आणि मग कंट्रोलरचा फोन आलाच म्हणून समजा.”

मी टाळीच वाजवली. हेच उत्तर! यार्डातल्या इंजिनाला मागेपुढे करायला स्वतःचा रूळ दिला, की मेन लाइनवरची गाडी खुशाल फिरत राहते आणि आत शंटिंग चालू राहतं. दोन्ही आनंद एकाच वेळी, एकमेकांच्या वाटेत न येता. इंग्लनुकला लागणारा तो इंजिन आणि तीन वाघिणींचा रूळ, तीच काकांची नेक. इंग्लंडमधलं कोडं आणि मिरजेचं यार्ड त्या कागदावर एकमेकांत चपखल बसले.

मापं घेऊन बघितली. एक वाघीण दहा सेंटिमीटर धरली, इंजिनही तेवढंच. पाच वाघिणींची सायडिंग ५०, नेक ४०, मध्ये दोन सांध्यांना ३०. एकूण १२० सेंटिमीटर. फळी २४४ सेंटिमीटर लांब, फेरीच्या आत मधोमध दोन मीटर तरी मोकळे. मावतं, आणि मालधक्क्याला, झाडांना, बैलगाड्यांना जागा उरते! फेरीच्या पुढच्या बाजूला स्टेशन आणि एक लूप लाइन. ही लूप मला फार महत्त्वाची वाटते. इंजिन पुढे आणि वाघिणी मागे अशी गाडी आली, आणि सायडिंगचं तोंड गाडी जाते त्याच दिशेला उघडत असलं, तर वाघीण आत ढकलायला इंजिनाला मागे यावं लागतं. लूपमधून ते वळसा घालून मागे येतं. खऱ्या स्टेशनात हे दृश्य बघताना आपल्याला नुसतं इंजिन इकडून तिकडे गेलेलं दिसतं. आता मला त्यामागचा सगळा विचार दिसतो.

फळीच्या मधोमध लांबीच्या दिशेनं एक उभा पडदा लावणार. पुढे स्टेशन आणि यार्ड, मागे नुसतं माळरान. गाडी पडद्यामागे गेली की ती गावाला गेली, तिथे हवी तेवढी थांबली, मग परत आली. पडदा असला की दोन्ही बाजूंनी हात पोहोचायला हवा, म्हणून टेबलाला चाकं. भिंतीला लावून ठेवायचं, खेळताना ओढून बाहेर घ्यायचं.

आणि हे कुठलं स्टेशन? अमेरिकेतल्या जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९६३ साली आराखड्यांवर जे पुस्तक लिहिलं, त्याचा सगळा रोख असा की आधी ती रेल्वे काय काम करते ते ठरवा, रूळ नंतर आखा. बेंगळुरूच्या जवळच एक उमेदवार होता. चिक्कबळ्ळापूरकडे जाणारी लाइन १९१५ साली याच ७६२ मिलिमीटर गेजवर सुरू झाली. आता तिथे ब्रॉडगेज आहे, पण नंदी हॉल्टसारखी जुनी छोटी स्टेशनं अजून उभी आहेत. मी टेप घेऊन गेले होते. इतकं आटोपशीर स्टेशन, मागे नंदीचा डोंगर! ते दुसऱ्या फळीसाठी राखून ठेवलं आहे.

पहिली फळी मात्र बार्शी लाइटची. दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू केली. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही हे त्याचं तत्त्व. इंजिन असो वा वाघीण, सगळ्यांचा भार सारखा वाटलेला, त्यामुळे हलक्या रुळांवरून भरपूर माल जायचा. पुढे लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. सव्वातीनशे किलोमीटर नॅरोगेज! याच कॅलथ्रॉपनं नंतर विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट बनवलं. हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

शंटिंगसाठी कुर्डुवाडीहून चांगली जागा मला दाखवाच. बार्शी-लातूरकडून कापूस, डाळी, धान्य घेऊन नॅरोगेजच्या वाघिणी येणार. पुढे ब्रॉडगेज. वाघीण त्या रुळावर चढू शकत नाही, म्हणून प्रत्येक पोतं उतरवून शेजारच्या मोठ्या वाघिणीत भरायचं. म्हणजे कुठली वाघीण धक्क्याला आधी लागणार, कुठली थांबणार, रिकामी कुठे जाणार, हे रोज ठरवायला हवं. इंग्लनुकच्या चिठ्ठ्यांवर आता आकड्यांऐवजी मी मालाची नावं लिहिली आहेत: तूर, सरकी, कापूस, गूळ. फळीच्या कडेला ब्रॉडगेजचा एक छोटा तुकडा, त्यावर एकच मोठी वाघीण उभी. शेजारची नॅरोगेजची वाघीण तिच्यापुढे किती चिमुकली दिसेल! आणि आषाढीच्या आधी सगळी फळी पंढरपूरच्या गाड्यांना देऊन टाकायची. मालगाड्या सायडिंगमध्ये, फेरीवर फक्त वारकऱ्यांनी भरलेले डबे.

विजेचं काम बेंगळुरूत राहून अवघड कसं असेल? सदर पत्रप्पा रोडवर, ज्याला सगळे एसपी रोड म्हणतात, हवा तो स्विच, हवी ती वायर मिळते. यार्ड जिथे मेन लाइनला मिळतं तिथे दोन्ही रूळ कापून मध्ये प्लॅस्टिकचे जोड घालायचे. बाहेरच्या फेरीला एक कंट्रोलर, आतल्या यार्डाला दुसरा. यार्डातली गाडी मेन लाइनवर काढायची असेल तेव्हाच एक स्विच फिरवायचा. बोस्टनजवळच्या एमआयटीत १९४६ साली विद्यार्थ्यांनी मॉडेल रेल्वेचा क्लब काढला. टेलिफोनच्या जुन्या रिलेंवर त्यांनी गाड्या चालवल्या, आणि त्यांच्यातूनच पुढे संगणकाचे सुरुवातीचे जबरदस्त प्रोग्रामर निघाले. ही गोष्ट मी ऑफिसात सांगितल्यापासून दोघं जण सांध्यांचं सर्किट करायला मागे लागले आहेत. करा म्हटलं, पण एक सांधा हातानं ओढायचा ठेवायचा. तो काकांचा.

काका आता रोज एक नवा कागद घेऊन येतात. सध्याचा वाद असा की आमच्या फळीवरच्या डाळ मिलची सायडिंग कुठल्या दिशेला तोंड करून असावी. माझं म्हणणं, लूपचा वळसा घ्यावा लागेल अशी. त्यांचं म्हणणं, कुठलाही शहाणा रेल्वेवाला काम वाढवून घेणार नाही. शनिवारी म्हैसूर रोडच्या टिंबर यार्ड लेआउटला प्लायवुड बघायला दोघं मिळून जाणार आहोत, आणि ते म्हणाले आहेत की प्लाय टेबलावर आडवं पडेपर्यंत हा प्रश्न निकालात निघायला हवा.