असणे आणि बाळगणे

मराठी मुलाला इंग्रजीच्या पहिल्याच वर्षी भेटणारे आणि पुढे आयुष्यभर छळणारे एक क्रियापद आहे, ‘हॅव’. घर, ताप, भाऊ, शंका, न्याहारी, आंघोळ या सगळ्यांना इंग्रज एकाच दाव्याने बांधतो. त्याला जावे लागते तेथेही ‘हॅव’ आणि तो जाऊन आलेला असला की त्या पूर्ण झालेल्या क्रियेला टेकू देण्यासाठीही ‘हॅव’च. आमच्या शाळेत या शब्दाचा अर्थ ‘जवळ असणे’ असा सांगत. अर्थ ठीकच होता, पण वाक्याचा कणा निराळा राहिला. इंग्रजीत ‘मी’ हा कर्ता आणि घर त्याचे कर्म. मराठीत घर हाच कर्ता. आपण मात्र ‘ला’, ‘कडे’, ‘जवळ’ यांच्या आडोशाला उभे.

हे आमच्या ध्यानी आणून दिले ते फिनिश भाषेने. आमचा मुलगा फिनलंडमधील टाम्पेरे येथे नोकरी करतो. तेथेच जन्मलेली आमची नात एकदा फोनवर म्हणाली, “आजोबा, माझ्यावर एक मांजर आहे.” आम्ही काळजीने विचारले, “ओरबाडत नाही ना गं?” मुलगा हसू लागला. त्याने सांगितले की, फिनिशमध्ये ‘हॅव’ला जोडीदार असे नित्याचे क्रियापद नाही. ‘मिनुल्ला ओन किस्सा’ असे म्हणतात. ‘मिना’ म्हणजे मी, ‘ल्ला’ हा ‘वर’ किंवा ‘पाशी’ या अर्थाचा प्रत्यय आणि ‘ओन’ म्हणजे आहे. ‘किस्सा’ म्हणजे मांजर. आपला किस्सा नव्हे!

तेव्हापासून आम्हाला या भाषेचा नाद लागला. फिनिश ही युरोपातल्या बहुतेक भाषांच्या गोतातली नाही. इंग्रजी आणि मराठी मात्र दूरच्या का होईना, एकाच कुळातल्या. तरी या बाबतीत मराठीचे सख्य फिनिशशीच. भूक, ताप, घाई ही सारी तेथेही माणसापाशी ‘असतात’. ‘मी जेवलो आहे’ या वाक्याला तेथेही ‘असणे’च आधार देते. ‘मला जायचे आहे’ याच्या अगदी जवळची रचना ‘मिनुन ओन मेन्तॅवॅ’ ही आहे. न्याहारी तर दोन्हीकडची माणसे सरळ खातात. फरक आहे तो बारकाव्यात. मोटारीची चार दारे फिनिशमध्ये मोटारी‘त’ असतात, आपल्याकडे मोटारी‘ला’. त्यांचा ‘ल्ला’ भावालाही चालतो आणि पैशालाही. आपण म्हणतो, ‘मला दोन भाऊ आहेत’, पण ‘माझ्याकडे पैसे आहेत’. अलीकडची मुले ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे बोलतात तेव्हा भाऊ मुक्कामाला आले आहेत की काय, असे वाटते. ही इंग्रजीची सावली आहे आणि आम्हाला ती मुळीच आवडत नाही.

मालकीच सांगायची असेल तर फिनिशमध्ये ‘ओमिस्ता’ हे वेगळे क्रियापद आहे. गंमत अशी की, पुस्तक कोणाला अर्पण करायचे झाले तरी हेच क्रियापद वापरतात.

गॅब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथोलिक तत्त्वचिंतकाने १९३५ साली ‘असणे’ आणि ‘बाळगणे’ यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ च्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात, माणसाचे मोल त्याच्या असण्यात अधिक, त्याच्यापाशी असलेल्या वस्तूंत कमी, असे म्हटले. लॅटिनमध्ये हा भेद दोन क्रियापदांनी लख्ख दिसतो. मराठीत आणावा तर दोन्हीकडे ‘आहे’च येते आणि भाषांतरकाराची पंचाईत होते. प्रेषितांच्या कृत्यांत, तिसऱ्या अध्यायात, मंदिराच्या दरवाजाशी पेत्र पांगळ्याला उत्तर देतो. तेथील ग्रीक रचना पाहण्यासारखी आहे. सोनेरुपे नाही हे सांगताना ‘मला नाही’ अशी आपल्यासारखी ठेवण. जे आहे ते देतो म्हणताना मात्र ‘बाळगणे’चे क्रियापद. देण्यासाठी हातात धरलेले असावे लागते, म्हणून असेल काय?

भाषेत ‘हॅव’ नाही म्हणून माणसे निर्लोभी होतात, असे मात्र कोणी समजू नये. वसईतल्या आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावे आहेत आणि गेले वर्षभर तिच्या विक्रीची बोलणी चालू आहेत. वाडीत एक बावखल आहे. “आपल्याकडे पाणी आहे,” असे आजी म्हणे. ‘आपले पाणी’ असे ती म्हणाल्याचे आम्हाला आठवत नाही. शेजारची तीन घरे त्यावर भाजीचे मळे शिंपीत. खरेदीखताच्या मसुद्यात ‘मालकी व कब्जा’ हे शब्द आले आहेत आणि त्यांत बावखलही आले. घेणारा ते बुजवणार, यात शंका नाही.

मुलाला विचारले तर तो म्हणाला, “बाबा, मला पैसे नकोत असे नाही. पण बावखल वगळता येईल का, ते बघा.” आम्ही तसे भावांना कळवले आहे. थोरल्यांनी होकार दिला. धाकट्याने विचार करायला पावसाळा संपेपर्यंतची मुदत मागितली आहे.