वंशावळींतील रिकामी जागा

तर्पणाच्या वेळीं पिता, पितामह, प्रपितामह आणि माता, पितामही, प्रपितामही अशा तीन पिढ्यांचीं नांवें आपण उच्चारतों. त्यापलीकडे स्मरण पोंचत नाहीं. तेथून पुढें कागदाचा आधार घ्यावा लागतो. सेवानिवृत्तीनंतर आम्हीं तो आधार शोधावयाचें ठरविलें.

आमचें घराणें जुन्नर प्रांतांतील कुळकर्णाचें. एक शाखा पुढें घोड नदीकांठीं आंबेगांवास गेली. १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें संपलीं, आणि जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. वतन नाहीं, वाडा नाहीं. राहिला तो मोडी कागदांचा एक रुमाल.

तो वाचण्यासाठीं आम्हीं उतारवयांत मोडी शिकलों. आधीं ओळभर शिरोरेषा ओढावयाची आणि मग तिच्याखालीं अक्षरें लिहावयाचीं, अशी ही लिपि. कालगणनाहि निराळी. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर व हजार. अर्थात् सुहूर सन ११७२. त्यांत ५९९ मिळविले कीं इसवी सन १७७१ येतो. हें वर्ष मृगाच्या आरंभीं पालटतें, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदास ६०० मिळवावे लागतात.

घरचे कागद संपल्यावर पुण्यांतील पेशवे दप्तराकडे वळलों. रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. पण सामान्य घराण्याचा शोध मूळ रुमालांतच घ्यावा लागतो. १८५२ च्या कायद्यान्वयें इंग्रज सरकारनें इनामांची चौकशी केली, तेव्हां घरोघरच्या सनदा व वंशावळी तपासावयास मागविल्या. हेतु महसुलाचा होता. परंतु त्यामुळेंच कित्येक कुळांची हकीकत टिकली.

आमच्या वंशावळींत नऊ पिढ्यांचे पुरुष आहेत, स्त्री एकहि नाहीं. मात्र रुमालांतील एका दत्तकपत्रांत एक नांव सांपडलें. पति निपुत्रिक वारला, भाऊबंदांनीं वतनावर हक्क सांगितला, तेव्हां त्या विधवेनें धाकट्या दिराचा मुलगा दत्तक घेऊन घर राखलें. आम्ही त्या मुलाचे वंशज. वंशावळींत मात्र मृत पतीपासून दत्तक पुत्रापर्यंत सरळ रेघ ओढलेली आहे. मधली बाई कोठेंच नाहीं. तंटा उद्भवला नसता तर तिचें नांव आम्हांस कळलेंच नसतें. तिचें माहेर कोणतें, हें तर दत्तकपत्रहि सांगत नाहीं.

आयर्लंडांत १९२२ च्या यादवींत डब्लिनचें सरकारी दप्तर जळालें. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्यांचे बहुतेक कागद त्यांत नष्ट झाले. तेथील लोक आतां पूर्वजांसाठीं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या धुंडाळतात, आणि कॅथलिक वह्यांत आईचें माहेरचें आडनांव बहुधा असतें. आमचें दप्तर सुदैवानें वांचलें. पण जें मुळांत लिहिलेंच नाहीं, तें दप्तर कोठून देणार?

त्या बाईचें नांव आम्हीं आतां वंशावळींत तिच्या पतीशेजारीं लिहिलें आहे. वाचकांनींहि घरांतील वृद्ध स्त्रियांना त्यांच्या आईचें, आजीचें, सासूचें माहेरचें नांव व गांव विचारावें, आणि तारीख घालून वहींत टिपून ठेवावें. सनदा दप्तरांत आणखी शंभर वर्षें राहतील; आजीबाईंची आठवण तितकी थांबणार नाहीं.