उल्कांची दिंडी



कोजागरीला लागलेला काकडा त्रिपुरी पौर्णिमेला उतरतो. महिनाभर पहाटे चारला उठायची सवय जडलेले शरीर मात्र पुढेही चारलाच जागे होते. आमच्या कर्जत-खालापूर भागातल्या वारकऱ्याचा कार्तिक फार भरगच्च असतो. काकडा चालू असतानाच साजगावच्या धाकट्या पंढरीची यात्रा भरते, आणि ती आटोपते न आटोपते तोच बोरघाट चढून आळंदीची वाट धरायची. माउलींचा समाधी सोहळा डोळ्यांत साठवून घरी आले की मार्गशीर्ष लागतो आणि पहाट एकदम रिकामी होते. देवळात टाळ नाही, मृदंग नाही, आणि डोळा तर उघडलेला.

पंचेचाळीस वर्षे कीर्तनसेवा केली. दम पुरेना, तेव्हा आठ वर्षांपूर्वी नारदांच्या गादीला दंडवत घालून थांबलो. आता वय ७६. या रिकाम्या पहाटेत मला एक दिंडी सापडली. तिच्याविषयी आज चार शब्द लिहितो.

ही दिंडी आकाशातली आहे. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती सुरू होते आणि १३, १४, १५ तारखांच्या रात्री भरात येते. मिथुन राशीकडून उल्का येताना दिसतात, म्हणून तिला मिथुन राशीचा उल्कावर्षाव म्हणतात. इंग्रजी नाव जेमिनिड्स. पुनर्वसू नक्षत्राचे दोन ठळक तारे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. त्यांतल्या उत्तरेकडच्या ताऱ्याजवळून, कॅस्टरजवळून, या साऱ्या रेघा निघाल्यासारख्या वाटतात.

आपले उत्सव तिथीने चालतात, ही दिंडी मात्र तारखेने येते. कारण सोपे आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरता फिरता वर्षातून एकदा धुळीच्या एका पट्ट्यातून जाते. तो पट्टा तिच्या वाटेवर ठरलेल्या ठिकाणी आहे, म्हणून दिवसही ठरलेला. मकरसंक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती जानेवारीच्या मध्यालाच येते, तसेच हे. चंद्राशी संबंध नाही. म्हणूनच अधिकमास आला की वारी मागेपुढे होते, पण उल्का आपली तारीख सोडत नाहीत.

ही धूळ कुणाची? फेथॉन नावाचा एक खडक आहे, सुमारे पाच किलोमीटर रुंद. १९८३ साली एका उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला. एरवी उल्कांची धूळ बहुधा धूमकेतूंची असते, पण इथे ती या खडकाची. सूर्याला फेरी घालायला त्याला साधारण दीड वर्ष लागते. त्या फेरीत तो बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जातो. त्याच्यापासून सुटलेले कण त्याच वाटेने फिरत राहतात. कण कसले, वाळूएवढे, फार तर वाटाण्याएवढे. आपल्या हवेत शिरताना त्यांचा वेग सेकंदाला ३५ किलोमीटर असतो. कर्जतहून पंढरपूर गाठायला आपल्याला पायी दोन-अडीच आठवडे लागतात, या कणाला दहा सेकंद पुरतील. जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास तो हवेला धडकतो, पुढची हवा दाबली जाऊन तापते, कण जळतो आणि आपल्याला प्रकाशाची रेघ दिसते.

यात मला सर्वांत भावले ते एक आहे. हे कण एका बिंदूतून निघून फाकत येत नाहीत. ते एकमेकांना समांतर येतात. फाकल्यासारखे आपल्याला दिसतात. पंढरीच्या सरळ रस्त्यावर मागे वळून पाहा. दिंडीच्या दोन्ही रांगा दूरवर एका टोकाला मिळालेल्या दिसतात, आणि जवळ येता येता आपल्या दोन बाजूंनी निघून जातात. वारकरी शेवटपर्यंत रांगेतच चालत असतो, फाकते ती आपली नजर. हा दृष्टान्त कीर्तनात घ्यायचे वय सरल्यावर मिळाला. पण मिळाला, हेही थोडे नाही.

२०२३ साली योग चांगला होता. १४ डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला. द्वितीयेची कोर संध्याकाळीच मावळून गेली होती, त्यामुळे पुढची सारी रात्र काळोखी. नात इंजिनीअरिंगला शिकते. तिने मैत्रिणीचा कॅमेरा आणला होता. म्हणाली, "आजोबा, आज मी फोटो काढणार. तुम्ही मोजा."

आमचे खळे कर्जत-चौक रस्त्यापासून थोडे आत आहे. भाताची झोडणी चालू होती, उडवी रचलेली होती, आणि पलीकडच्या तुकड्यात वालाला फूल धरले होते. आमच्याकडचे कडवे वाल भातानंतरच्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाढतात. ते दव वालाला अमृत, पण कॅमेऱ्याच्या काचेला वैरी. नात अर्ध्या अर्ध्या तासाने मऊ फडक्याने काच टिपून घेत होती. तिपाईवर कॅमेरा बसवून तिने आधी व्याधाच्या ताऱ्यावर फोकस धरला, मग तोंड इर्शाळगडाकडे वळवले. एक फोटो वीस सेकंदांचा. तो संपला की लगेच पुढचा, आपोआप. "कुठली उल्का कधी येईल ते कुणाला कळत नाही," ती म्हणाली, "म्हणून दार सतत उघडे ठेवायचे." बॅटरीला तिने पतंगाचा लाल कागद गुंडाळला होता. पांढरा उजेड डोळ्यांवर पडला की काळोखाला सरावलेली नजर मोडते आणि पुन्हा वीसेक मिनिटे थांबावे लागते.

मी पेंढ्यावर घोंगडे टाकून उताणा झालो. एका खिशात चिंचोके भरले होते. उल्का दिसली की एक चिंचोका दुसऱ्या खिशात टाकायचा. पश्चिमेला पनवेल आणि नव्या मुंबईचा पिवळट उजेड होताच, पण डोक्यावर आकाश बरे होते. रात्री अडीचच्या सुमारास पुनर्वसू जवळजवळ माथ्यावर आला. कधी पंधरा मिनिटे काही नाही, कधी एकामागून एक तीन.

खळ्याची राखण करायला एक बाई होती. ठाकर समाजाची, पन्नाशीतली, गेली बारा-पंधरा वर्षे आमच्या शेतावर कामाला येणारी. ती शेकोटीपाशी बसून गुमान वर पाहत होती. साडेचारच्या सुमारास तिने विचारले, "बुवा, एवढे तारे तुटतात, म्हंजे एवढी माणसं जातात का?"

हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांत नवा नाही. तारा तुटला की कुणाचा तरी जीव गेला, असे म्हणतात. पण त्या वर्षी, त्या खळ्यावर, तो प्रश्न साधा नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री, अधिक श्रावण नुकताच लागला असताना, धो धो पावसात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ जणांचे देह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. या बाईची मावसबहीण त्या वाडीत दिलेली होती.

ती पुढे म्हणाली, "शिमग्यात मी तिच्याकडं गेले होते. रातची इर्शाळावर मोठा तारा तुटला. मी तिला बोटानं दाखवला. बोट दाखवू नये म्हणतात, बुवा. पावसाळ्यात ती गेली."

पाच महिने हे ओझे ती एकटी वाहत होती. रोज खळ्यावर येत होती, भात झोडत होती, आणि कुणाला काही बोलली नव्हती. पंचेचाळीस वर्षांत हजारो माणसांपुढे बोललो असेन. पण एका माणसाला नेमके काय सांगावे हे त्या पहाटे जितके जपून ठरवावे लागले, तितके क्वचितच.

मी म्हटले, "बाय, सप्तर्षी ठाऊक आहेत ना? मोज बघू." तिने मोजले. सात. "पुनर्वसूचे दोन?" "हायेत." "ध्रुव?" "त्यो बी हाये." "माझ्या खिशात साठ चिंचोके झाले. साठ तारे तुटले असते तर आभाळात कुठे तरी भोक पडायला हवे होते. एक तरी कमी झाला का?" मग खळ्यावरची चिमूटभर माती तिच्या तळहातावर ठेवली. "तुटतो तो एवढा कण. तो तारा नव्हे. कुणी मरो वा जन्मो, तो त्याच्या वाटेने येतो. याच तारखेला गेल्या वर्षी आला, पुढल्या वर्षी येईल. आणि असा कण क्षणभर पेटतो. तू बोट उचललेस तेव्हा तो विझलाही होता. त्याला तुझे बोट कुठले माहीत!"

ती बराच वेळ काही बोलली नाही. पूर्वेला शुक्र वर आला होता. पुनर्वसू पश्चिमेकडे कलला होता. तेवढ्यात इर्शाळच्या सुळक्यावरून एक लांब, पांढरी रेघ गेली. बाईने माझ्याकडे पाहिले. मग हात उचलून, बोट रोखून, माझ्या नातीला म्हणाली, "ती बघ, बाय. गेली."

तिचे दुःख हलके झाले, असे मी म्हणणार नाही. ज्या बहिणीचा देहही हाती आला नाही तिचे दुःख एका पहाटेत सरत नसते. उतरला तो बोटाचा भार. आपल्या संतांनी शकुन-अपशकुनाला थारा दिला नाही, हे मी गादीवरून कितीदा सांगितले असेल. पण त्यांनी थारा का दिला नाही, हे त्या खळ्यावर फार जवळून दिसले. दुःखाच्या पाठोपाठ दोष येऊन बसतो आणि तो बहुधा गरिबाच्याच खांद्यावर बसतो. दरड पावसाने आणि डोंगराने आली. आकाशाने तिचा हिशेब कुठे लिहून ठेवला नव्हता, आणि बाईच्या बोटाने तर मुळीच नाही.

उजाडेपर्यंत माझ्या खिशात ६७ चिंचोके जमले. नातीच्या कॅमेऱ्यात आठशेच्या वर फोटो, आणि त्यांतल्या १४ फोटोंत उल्का. पुढे तिने त्या चौदाही रेघा संगणकावर एका चित्रात बसवल्या. खाली इर्शाळचा काळा सुळका, वर चौदा रेघा. असे दृश्य कोणत्याही एका क्षणी आकाशात नव्हते, चार-साडेचार तासांची ती एकवट आहे. डोळ्याला रेघ दिसते आणि पुसली जाते. कॅमेऱ्याला रेघ राहते, पण दोन रेघांमधले थांबणे त्याला दाखवता येत नाही. दोन्ही असावे. फोटोमुळे एक गोष्ट डोळ्यांपेक्षा स्वच्छ कळली. त्या रेघा मागे मागे वाढवत नेल्या की सगळ्या पुनर्वसूपाशी जाऊन मिळतात. बाईला तो फोटो दाखवला तेव्हा तिने बोट फिरवून एकेक रेघ मागे नेली आणि म्हणाली, "सगळे एकाच घरनं निघालेत." दिंडीचा माझा दृष्टान्त ऐकल्याशिवायच ती तिथे पोहोचली होती.

वाचक माउलींना हे पाहायचे असेल तर खर्च काही नाही. दुर्बीण लागत नाही, उलट तिच्यातून आकाशाचा तुकडाच दिसतो. १३ ते १५ डिसेंबरपैकी कोणतीही रात्र धरा, मध्यरात्रीनंतरची वेळ सर्वांत बरी. पंचांगात चंद्र किती वाजता मावळतो ते आधी पाहून ठेवा, पौर्णिमेच्या आसपास मोठ्या उल्काच तेवढ्या दिसतात. गावच्या दिव्यांपासून दूर, मोकळ्या माळावर किंवा खळ्यावर जा. मुंबईकडच्या मंडळींसाठी वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत असतात, तिथे जाणकार माणसे भेटतात. मोबाइल पिशवीत ठेवा. कानटोपी घाला, थंडी बाधते. पुनर्वसूकडेच टक लावू नका, जिथे काळोख अधिक तिकडे नजर सैल सोडा. पहिल्या वीस मिनिटांत काही दिसले नाही तर उठू नका.

आणि घरात, शेजारी, वाडीवर कुणी तुटत्या ताऱ्याला भिणारे असेल, तर त्याला बोलावून घ्या. घोंगड्यावर आपल्या शेजारी बसवा आणि त्यालाच मोजू द्या.