डिफेंडरचं अप्रेझल

महाराष्ट्रात फुटबॉल म्हटलं की आधी आठवतं कोल्हापूर. शाहू स्टेडियम, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ आणि पेठांमधली पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस. मी मात्र केदारखेड्याची. 'हे कुठे आलं?' असं तुम्ही विचारणार. विचारा, सवय आहे मला! जालन्याहून भोकरदनकडे निघालात की वाटेत राजूरच्या गणपतीला हात जोडायचे, आणि पुढे पूर्णा नदी लागली की आलंच आमचं गाव. कापूस, मका, सोयाबीन आणि क्रिकेट. फुटबॉल ही वस्तू आमच्याकडे फक्त टीव्हीत असायची.

ती टीव्हीतून बाहेर आली 2017 मध्ये. त्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात होता, काही मॅचेस नवी मुंबईत. त्याआधी 15 सप्टेंबरला सरकारने एक मोहीम काढली. एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा! शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले. मी तेव्हा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात होते. धाकटा भाऊ गावात आठवीत. त्याचा फोन आला, 'ताई, शाळेत फुटबॉल आलाय आणि सर म्हणतात, तू मागे थांब.'

तो जो मागे थांबला, तो थांबलाच. गोल मारायला सगळ्यांनाच पुढे पळायचं असतं. मागे कुणाला ठेवतात? जो नाही म्हणत नाही त्याला. आमच्या घरात डिफेंडर जन्माला आला तो असा.

*

फास्ट फॉरवर्ड. नोव्हेंबर 2021. माझी मास कम्युनिकेशनची डिग्री हातात, कोविडने ऑफिसं अजून अर्धवट उघडलेली आणि मी गावी बसून फ्रीलान्सिंग करतेय. वाय-फाय आमच्याच घरी आणि रेंज फक्त आमच्या गच्चीवर. त्यामुळे भावाची अख्खी गँग संध्याकाळी गच्चीवर. एक मोबाइल विटेला टेकवून ठेवायचा, भोवती सात-आठ डोकी, आईने दिलेल्या भाजलेल्या शेंगा आणि समोर मुंबई सिटी एफसी!

मुंबईच का? अहो, कोल्हापूरला आयएसएलची टीम नाही आणि जालन्याला तर कुठलीच नाही. शिवाय 2021 मध्ये मुंबईने लीग शिल्ड आणि फायनल दोन्ही जिंकलेलं. चॅम्पियन टीमचे फॅन व्हायला कष्ट पडत नाहीत, काय? पण नव्या सीझनला कोच बदलले होते. सर्जिओ लोबेरा गेले, डेस बकिंगहॅम आले. आणि बंगळुरूहून एक नवा डिफेंडर आला होता, राहुल भेके.

नवा म्हणजे टीमला नवा. गडी मूळचा मुंबईचाच. 2019 च्या आयएसएल फायनलमध्ये, मुंबईच्याच मैदानावर, एक्स्ट्रा टाइममध्ये 117 व्या मिनिटाला गोव्याविरुद्ध हेडर मारून त्याने बंगळुरूला चॅम्पियन केलं होतं. मराठी आडनाव आणि फायनलमधला गोल! गच्चीवर पहिल्याच दिवशी भावाने जाहीर करून टाकलं, 'हा आपला माणूस.'

सीझन गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये चालू होता. तिथे ओरडायला कुणी नव्हतं, ती कसर आमच्या गच्चीने भरून काढली. मुंबईने पहिल्या मॅचमध्ये गोव्याला 3-0 हरवलं, डिसेंबर लागताच मोहन बागानला 5-1 धुतलं. तोवर भेके देव होता. मग 19 डिसेंबरला केरळा ब्लास्टर्सने आम्हाला 3-0 ने आडवं केलं. त्यातला एक गोल पेनल्टीवर. मुर्तदा फॉलला रेड कार्ड आणि वर पेनल्टी!

बस्स. त्या रात्रीपासून गच्चीवर दोनच विषय. एक, भेकेचा फॉर्म. दोन, आमच्यावरच्या पेनल्ट्या हार्श असतात.

आयएसएलमध्ये व्हीएआर नव्हतं, पण आमच्याकडे 'रिप्ले' होता. हे एका पोराचं टोपणनाव. मोबाइलवर तेच पाच सेकंद बारा वेळा मागे-पुढे करून तो निकाल द्यायचा, 'काहून पेनल्टी? अंगाला अंग तर लागणारच की.' दुसरा एक जण वहीत मार्क लिहायचा. प्रत्येक प्लेयरला दहापैकी. भेकेला कधी सहा, कधी चार. 'बंगळुरूत भारी होता, इथं सेट नाही झाला.' 'फॉलच्या बाजूला कुणीही कच्चाच दिसणार.' 'दुसऱ्या टीमकडून आलेला, त्याला काय पडलंय!'

आणि मी? मी शहाणी, शिकलेली ताई. मी म्हणाले होते, 'नवा आहे म्हणून किती दिवस सांभाळून घ्यायचं? पगार तर पूर्ण घेतो ना?'

भाऊ तेवढा गप्प असायचा. एकदाच म्हणाला, 'त्याने अडवलेले बॉल कुणी लिहिले का वहीत?' कुणी लिहिले नव्हते. ते लिहायचे कसे, तेही कुणाला माहीत नव्हतं. जो पास दिलाच गेला नाही, कारण भेके आधीच तिथे उभा होता, त्याला किती मार्क देणार?

*

फेब्रुवारीत आमच्या पोरांची शेजारच्या गावाशी मॅच ठरली. काढणी झालेलं मोकळं रान, गोलपोस्ट म्हणून बांबू, शिट्टी एका काकांकडे. शेवटची पाच मिनिटं, 0-0. समोरचा पोरगा गोलसमोर शॉट मारायला आला, भाऊ मध्ये घुसला, घसरला, तोल सावरायला हात जमिनीवर टेकला आणि बॉल नेमका त्या हातावर. शिट्टी. पेनल्टी. गोल. आम्ही 1-0 ने हरलो.

मला वाटलं, आता रिप्ले बोलेल. 'काहून पेनल्टी?' म्हणेल. वर्षभर हार्श हार्श करणारी ही पोरं! पण नाही. तो केरळाविरुद्धचा सगळा राग त्या रानात भावावर निघाला. 'हात कशाला घातला?' 'याला मागं ठेवायलाच नको होतं.' वहीवाल्याने जाहीर केलं, 'दहापैकी दोन.'

भाऊ घरी आला, बूट कोपऱ्यात टाकले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी काय म्हणाले माहितीये?

'अरे पण हात मागे का नाही ठेवलास?'

तो काहीच बोलला नाही. जेवला, झोपला. दुसऱ्या दिवसापासून ग्राउंडवर जाणं बंद. गच्चीवर येणंही बंद.

त्या रात्री मी हँडबॉलचा नियम शोधून वाचला. पत्रकार ना मी, सगळं झाल्यावर माहिती काढायची! 2019 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं: पडताना शरीर आणि जमीन यांच्यामध्ये आधाराला टेकलेल्या हातावर बॉल लागला, तर सहसा तो गुन्हा नाही. नंतर 2021 मध्ये नियम आणखी सुटसुटीत झाला. हाताला लागलेला प्रत्येक बॉल म्हणजे फाउल नव्हे, हात अनैसर्गिकपणे पसरून अंग मोठं केलं का, ते रेफरीने ठरवायचं. म्हणजे भावाची पेनल्टी खरंच हार्श होती. मोठमोठ्यांचंही हे झालंय. सप्टेंबर 2020 मध्ये न्यूकॅसलविरुद्ध टॉटनमचा एरिक डायर बॉलकडे पाठ करून हवेत होता, मागून बॉल हाताला लागला, व्हीएआरने पेनल्टी दिली आणि इंज्युरी टाइममध्ये मॅच 1-1 झाली. त्या दिवशी न्यूकॅसलच्या कोचलाही तो नियम पटला नव्हता, बोला!

वाचता वाचता आणखी एक गंमत कळली. पेनल्टीची कल्पना काढली ती विल्यम मॅक्रम नावाच्या आयर्लंडमधल्या माणसाने. राहणारा मिलफर्ड नावाच्या छोट्याशा गावात आणि खेळायचा चक्क गोलकीपर म्हणून! गोल होतोय असं दिसलं की डिफेंडर सरळ आडवे पाय घालायचे, ते त्याला बघवत नव्हतं. 1891 मध्ये नियम मान्य झाला. मुद्दाम केलेल्या दांडगाईसाठी काढलेली शिक्षा होती ती. अंतर 11 मीटर, मध्ये फक्त एक गोलकीपर आणि चारपैकी साधारण तीन पेनल्ट्या गोल होतात. घसरून टेकलेल्या हातालाही तीच शिक्षा. चूक केवढी आणि किंमत केवढी, याचा मेळच नाही.

हे सगळं मी भावाला सांगायला गेले. तो म्हणाला, 'आता वाचलंस होय?'

लागलं. कारण त्याच महिन्यात माझीही शिट्टी वाजली होती. एका पुरवणीसाठी मी तीन महिने ट्रायलवर लिहीत होते. बारा लेख वेळेत, स्वच्छ. तेराव्यात एका माणसाचं आडनाव चुकलं. दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आला आणि त्यानंतर मला काम येणं थांबलं. कुणी रागावलंही नाही. फोनच आला नाही. मी मनातल्या मनात रोज भांडायचे, 'अहो, त्या बाराचं काय?' आणि मीच भेकेचा हिशेब पगारावर करत होते. मीच भावाला हात मागे ठेवायला सांगत होते.

तुमच्या ऑफिसातही हेच असतं ना? सर्व्हर वर्षभर चालू ठेवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. तो एकदा डाउन झाला की मात्र मेलमध्ये सगळे सीसी!

*

2 मार्चला केरळाने मुंबईला पुन्हा 3-1 ने हरवलं, त्यातही एक पेनल्टी होतीच. चॅम्पियन टीम पाचवी आली, सेमीफायनल हुकली. वही बंद झाली.

पण आधीच्या वर्षीच्या शिल्डमुळे मुंबईला एएफसी चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालेलं होतं. एप्रिलमध्ये सौदीला, रियाधमध्ये. पहिली मॅच अल शबाबशी, 0-3. दुसरी 11 एप्रिलला, इराकच्या एअर फोर्स क्लबशी. तोवर एकाही भारतीय क्लबने या स्पर्धेच्या ग्रुप स्टेजमध्ये मॅच जिंकलेली नव्हती. मी भावाला जवळजवळ ओढत गच्चीवर नेलं. बाकीची गँग आधीच बसलेली. कुणी कुणाशी बोललं नाही. शेंगांची ताटली फक्त न बोलता त्याच्याकडे सरकली.

सेकंड हाफमध्ये इराकवाल्यांनी गोल केला. 'आलं लक्षात,' वहीवाला पुटपुटला. आणि मग मुंबईला पेनल्टी मिळाली! गच्चीवर एकच कल्ला. दिएगो मॉरिसिओने ती मारली, 1-1. रिप्ले नाचत होता. त्या गोंधळात भाऊ शांतपणे म्हणाला, 'रिप्ले, मागं घे ना. हार्श तर नाही ना ही?'

दोन सेकंद शांतता. मग सगळ्यात आधी रिप्लेच हसला. मोबाइल त्याच्या हातात होता, पण मागे काही त्याने घेतला नाही.

थोड्याच वेळात कॉर्नर आला. गर्दीतून एक डोकं उंच उठलं आणि बॉल जाळ्यात. 2-1. डोकं कुणाचं? राहुल भेकेचं! एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि गोल एका डिफेंडरचा. खालून आई ओरडली, 'झोपा की रे आता!' वहीवाल्याने वहीच आणली नव्हती, तरी भावाकडे बघून म्हणाला, 'दहा.' भाऊ म्हणाला, 'गोल मारला म्हणून दहा. नसता मारला तर?'

याचं उत्तर तेव्हाही कुणाकडे नव्हतं.

मी मात्र तेवढ्यात एक काम उरकून घेतलं. म्हणाले, 'त्या दिवशी मी हाताचं बोलले ना, ते चुकलं माझं.' तो शेंग सोलत म्हणाला, 'हो, चुकलंच.' विषय संपला. आठवड्याने बूट कोपऱ्यातून हलले.

*

पुढचं तुम्हाला माहीत असेल. 2022-23 ला मुंबईने लीग शिल्ड जिंकली. 4 मे 2024 ला कोलकात्यात, सॉल्ट लेकवर मोहन बागानला 3-1 ने हरवून फायनलही. कॅप्टन राहुल भेके. 'सेट नाही झाला' म्हणणाऱ्यांनीच त्या रात्री त्याचा फोटो डीपीला लावला. मीही लावला. महिन्या-दोन महिन्यांत तो परत बंगळुरूला गेला आणि गच्चीवर नवा वाद सुरू झाला, की आता त्याच्या जागी कोण.

मला पुढे दुसरीकडे काम मिळालं. नव्या माणसाची पहिली चूक दिसली की मी आता आधी त्याची आधीची कामं उघडून बघते. बघून रागवायचं ते रागवतेच, संत वगैरे झालेले नाही.

भाऊ आता संभाजीनगरला शिकतो. गेल्या दिवाळीत गावी आला तेव्हा त्याच शेजारच्या गावाशी मॅच होती आणि शिट्टी त्याच्या हातात दिलेली. शेवटची काही मिनिटं, 1-1. आमच्या पोराने गोलसमोर हात पसरून बॉल अडवला. भावाने क्षणभरही न थांबता शिट्टी फुंकली आणि बोट दाखवलं. पेनल्टी. आपल्याच गावावर! रिप्ले धावत आला, वहीवाला आला, मी तर बांधावरून ओरडले, 'हार्श आहे रे!'

त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी रेफरीच्या आवाजात म्हणाला,

'ताई, हात पसरलेला होता. नियम वाच.'