‘हे तर सगळ्यांनाच माहीत आहे!’

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेक्निकल रायटर आहे. औषधांच्या घाऊक विक्रेत्यांना लागणारं स्टॉक, ऑर्डर आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. आपलं लिखाण कोणी वाचत नाही, हे मी कधीच पत्करलं होतं. मॅन्युअल उघडण्याआधी लोक सपोर्टला फोन लावतात. एआय एजंट आले आणि मला असा वाचक मिळाला, जो अक्षर न् अक्षर वाचतो आणि फोन कोणालाच करत नाही.

अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडून देणारा ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ म्हणजे एमसीपी खुला केला. पुढे आमच्याकडेही ठरलं, की आपली टूल्स एजंटला वापरता आली पाहिजेत. यात एजंटसमोर टूलमागचा कोड नसतो. असतं ते टूलचं नाव, थोडक्यात वर्णन आणि कोणती माहिती कशी भरायची याचा जेसन स्कीमा. तेवढ्यावर त्याने काम उरकायचं. डेव्हलपर मंडळींनी कोडमधल्या जुन्या कॉमेंट्स उचलल्या आणि वर्णनाच्या जागी चिकटवल्या. ऑर्डरच्या टूलचं वर्णन होतं, ‘ऑर्डर तयार करतं.’ क्वांटिटीच्या रकान्यापुढे खुलासा होता, ‘क्वांटिटी’. झालं डॉक्युमेंटेशन!

चाचणीत एजंटला सांगितलं, अमुक गोळ्यांच्या 50 स्ट्रिप मागव. त्याने निमूट 50 भरले. सिस्टिमने ते बॉक्स धरले. त्या मालाच्या एका बॉक्समध्ये 10 स्ट्रिप, म्हणजे 500 स्ट्रिपची ऑर्डर तयार. चाचणी होती म्हणून निभावलं. सपोर्टवरच्या काकांना विचारलं, तर ते हसले. “अहो मॅडम, खरेदी बॉक्समध्ये आणि विक्री स्ट्रिपमध्ये, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे!” माहीत होतं खरं. लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं.

मग मी काकांच्या शेजारीच ठाण मांडलं. त्यांना येणारे फोन ऐकायचे आणि त्यांनी दिलेली उत्तरं टिपायची. एक्स्पायरीचंच घ्या. वेष्टनावर बहुधा महिना आणि वर्ष एवढंच छापलेलं असतं आणि आपल्याकडे तो माल त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालतो. टूल मात्र पूर्ण तारीख मागायचं आणि एजंट 08/2026 पाहून 1 ऑगस्ट भरून मोकळा व्हायचा. चांगला माल महिनाभर आधीच बाद. आता तिथे लिहिलंय: ‘तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या. वेष्टनावर दिवस नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस भरा. उदाहरण: 08/2026 असेल तर 2026-08-31.’ मोजून तीन वाक्यं, पण त्यातलं उदाहरणच सगळ्यात जास्त कामाला येतं.

एरर मेसेज हासुद्धा डॉक्युमेंटेशनचाच भाग, हे डेव्हलपरना पटवायला वेळ लागला. नुसतं ‘एरर 400’ दिसलं, की एजंट तीच चुकीची विनंती पुन्हा पुन्हा पाठवत बसायचा. ‘क्वांटिटी पूर्ण बॉक्समध्ये हवी, 2.5 चालणार नाही’ असं आल्यावर तो पुढच्या खेपेला सुधारतो. शिवाय स्टॉक शोधणारी, दाखवणारी आणि तपासणारी अशी तीन वेगळी टूल्स होती. कोणतं कधी वापरायचं, हे आमच्यातच कोणाला धड सांगता येईना, तर एजंटला कुठून कळणार? शेवटी तिन्हींचं एकच टूल केलं. आणि ते कधी वापरू नये, हेही वर्णनात घातलं.

पण म्हणून वर्णनात पुराण लिहायचं नाही. वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये जागा खातात आणि पाल्हाळात महत्त्वाची सूचना बुडते. काही गोष्टी तर शब्दांवर सोडूच नयेत. हे टूल फक्त वाचतं, हे टूल काही पुसू शकतं, असं एमसीपीत नोंदवता येतं. पण ती नुसती सूचना असते, कुलूप नव्हे. ऑर्डर रद्द करायची परवानगी सर्व्हरनेच तपासायची. वर्णनात ‘कृपया काळजी घ्या’ लिहून भागत नाही.

मला या सगळ्यात युनिक्सच्या 1971 च्या पहिल्या मॅन्युअलचं कौतुक वाटतं. त्यात ‘बग्ज’ नावाचा भागच असायचा. प्रोग्राम लिहिणारे त्यातले दोष स्वतःच तिथे सांगून टाकत. आमच्या मार्केटिंगला ही कल्पना अजून पचलेली नाही.

हल्ली टूलचं वर्णनही मॉडेलकडूनच लिहून घ्यायची पद्धत पडतेय. घ्या, माझी हरकत नाही. पण ते पाठवण्याआधी तुमच्या सपोर्टवरच्या काकांना किंवा मावशींना एकदा वाचायला द्या आणि ‘यात काय राहिलंय?’ एवढंच विचारा. कोडमध्ये कधी उतरलंच नाही, ते मॉडेलला कोडमधून सापडणार नाही.