किलोमीटर नको, तारीख सांग!

‘एवढ्या पैशात नवीकोरी बाइक आली असती की रे!’ माझी १९९५ सालची डुकाटी पाहिली, की पुण्याचा प्रत्येक मित्र व्हिडिओ कॉलवर हेच म्हणतो. खरं सांगू? हिशेबाने तो बरोबरच असतो. पण हिशेब करून कुणी जुनी डुकाटी घेत नाही. लोक ती घेतल्यावर हिशेब करतात आणि मग बायकोपासून पावत्या लपवतात. मी एकटाच राहतो, त्यामुळे मी त्या स्वतःपासूनच लपवतो!

मी मूळचा निगडीचा. २०१६ पासून इटलीतल्या बोलोन्या शहरात नोकरीला आहे. चहाच्या पिशव्या, औषधाच्या गोळ्या, चॉकलेटं असं काय काय पॅक करणारी मशिन्स या शहरात आणि आसपास बनतात. त्यातल्याच एका कंपनीत मी ऑटोमेशन बघतो. माझ्या ऑफिसच्या बसच्या वाटेवर बोर्गो पानिगाले हे उपनगर लागतं. तिथेच डुकाटीचा कारखाना. दोन वर्षं रोज सकाळी बसच्या खिडकीतून त्या लाल अक्षरांकडे बघितल्यावर माणसाचं जे व्हायचं, ते माझंही झालं. २०१८ मध्ये मी एक वापरलेली ९०० सुपरस्पोर्ट घेतली. दोन सिलिंडर, ९०४ सीसी, दोन कार्ब्युरेटर, आणि रंग? विचारायलाच नको, लाल.

पहिल्या दिवशी बिल्डिंगच्या गॅरेजमध्ये ती चालू केली, तर शेजारच्या काकू काळजीने बाहेर आल्या. ‘काही तुटलं का?’ या गाडीचा क्लच तेलात बुडालेला नसतो, कोरडा असतो. न्यूट्रलमध्ये उभी असताना त्याच्या प्लेटा अशा खडखडतात, की भांड्यांच्या मांडणीतून मांजर गेल्यासारखं वाटतं. ‘नाही, असाच आवाज असतो,’ मी ऐटीत सांगितलं. काकूंचा विश्वास बसला नाही. (पुढे आणखी एका माणसाचा बसला नाही, ते सांगतोच.)

इथे थोडी इंजिनाची गोष्ट सांगायला हवी. कंटाळू नका, पुढे उपयोगी पडेल! कुठल्याही साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला एक कॅम असतो आणि बंद करायला स्प्रिंग. पूर्वीच्या रेसिंग इंजिनांत वेग फार वाढला, की स्प्रिंग मागे पडायची. व्हॉल्व्ह वेळेत बंदच व्हायचा नाही. १९५४ मध्ये डुकाटीत आलेल्या फाबिओ तालिओनी या इंजिनिअरने यावर उपाय म्हणून ‘डेस्मोड्रोमिक’ पद्धत वापरली आणि १९५६ मध्ये तशी १२५ सीसीची रेसिंग बाइक मैदानात उतरवली. यात बंद करायचं काम स्प्रिंगच्या भरवशावर सोडलेलं नसतं. व्हॉल्व्ह उघडायला एक दांडी आणि तो ओढून बंद करायला दुसरी. कल्पना तालिओनीच्याही आधीची होती, पण ती इतकी वर्षं टिकवून धरली डुकाटीनेच.

फायदा मोठा, पण पथ्यपाणीही तेवढंच. उघडण्याची फट वेगळी मोजायची, बंद होण्याची वेगळी. या फटी मिलिमीटरच्या दहाव्या, नाहीतर शंभराव्या भागात. आणि हे सगळं कॅम फिरवायला दोन रबरी पट्टे असतात. हे पट्टे या गोष्टीतले खरे व्हिलन. ते तुटले किंवा त्यांचे दात घसरले, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात. आणि ती भेट फार महागात पडते!

आता बाबांकडे येतो. बाबांनी चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत मेंटेनन्स खात्यात काढली. घरात चेतक. बजाजने १९७१ पर्यंत इटालियन पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवल्या, आणि १९७२ मध्ये चेतक आली तीही त्याच वळणाची. म्हणजे बघा, अर्धी इटालियन गाडी आमच्या दारात माझ्या जन्माआधीपासून उभी होती! दर रविवारी चहानंतर बाबा पायरीवर बसून प्लग काढणार, पॉलिश पेपरने घासणार, कार्ब्युरेटर फुंकणार. मग बनियनच्या खिशातून पेन काढून एका लांबट डायरीत नोंद करणार: तारीख, किलोमीटर, काम. कॉलेजात असताना मला याची भयंकर लाज वाटायची. मित्रांच्या पल्सर, आणि आमचे बाबा स्कूटर तिरकी करून किक मारतायत!

माझी डुकाटी मात्र लाडाची. शनिवारी सकाळी तिच्यावर बसायचं आणि फ्लोरेन्सच्या जुन्या रस्त्याने डोंगर चढत ९६८ मीटरवरच्या रातिकोझा घाटमाथ्यावर जायचं. तिथे बाइकवाल्यांचा अड्डाच असतो. कॉफी प्यायची, एकमेकांच्या गाड्यांकडे तिरक्या नजरेने बघायचं आणि परत यायचं. २०२० चा लॉकडाऊन आला, तेव्हा ती गॅरेजमध्ये गेली. नंतर ऑफिसात बढती, वीकएंडला डेडलाइन, हिवाळ्यात इथलं दाट धुकं. गाडी जास्त उभीच राहिली. तेल बदललं, बॅटरी चार्जरला लावली. पट्ट्यांचं लक्षात होतं, पण म्हटलं, गाडी चालतेय कुठे? झिजेलच कशी?

सप्टेंबर २०२४ मध्ये मी ती एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. सत्तरी उलटलेला माणूस, अंगठ्याच्या नखात कायमचं काळं ग्रीस. त्याने विचारलं, ‘पट्टे कधी बदलले?’

मी म्हटलं, ‘त्यानंतर गाडी चार हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नाही.’

‘किलोमीटर नको. तारीख सांग.’

मी मनात हिशेब केला. गाडी घेतली तेव्हा, २०१८. सहा वर्षं! नियम आहे दर दोन वर्षांनी. त्याने काही न बोलता कव्हर उघडलं, पट्टा काढून माझ्या हातात दिला. हातात घेतल्यावरही तो सरळ होईना. पुलीभोवती जसा वाकून बसला होता, तसाच राहिला. दातांच्या मुळाशी बारीक भेगा.

‘रबराला किलोमीटर कळत नाहीत,’ तो म्हणाला. ‘त्याला कॅलेंडर कळतं. उभी गाडी जास्त बिघडते.’ मग नवे पट्टे काउंटरवर ठेवून म्हणाला, ‘मी आता वाकू शकत नाही. हे तू स्वतः कर. पियानो, पियानो.’ इटालियनमध्ये पियानो म्हणजे हळू. काय काय कोणत्या क्रमाने करायचं, ते त्याने एका कागदावर लिहून दिलं.

त्याच रविवारी गॅरेजमध्ये काम काढलं. सकाळचे दहा, म्हणजे पुण्यात दुपारचे दीड. आमचा रविवारचा ठरलेला कॉल. मी फोन टूलबॉक्सला टेकवून ठेवला. आई बोलून गेली, मग बाबा आले. मी पट्टा चढवत बोलत होतो. ‘बाबा, चेतक कशी आहे?’ नेहमीचा प्रश्न, उत्तराची वाट न बघता विचारायचा. ‘उभी आहे,’ ते म्हणाले. ‘म्हणजे?’ ‘म्हणजे उभी आहे. वर्ष झालं. गुडघा साथ देत नाही, किक बसत नाही.’

मी पहिल्यांदाच त्या दिवशी स्क्रीनकडे नीट बघितलं. फोन धरलेला त्यांचा हात किंचित थरथरत होता. दर रविवारी आम्ही बोलत होतो. जेवलात का, पाऊस आहे का, गोळ्या घेता ना. कॉल लागतोय म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं मी धरून चाललो होतो. मी पुण्याला शेवटचा गेलो होतो डिसेंबर २०२१ मध्ये, मामेबहिणीच्या लग्नाला. तेही चार दिवस.

काय बोलावं सुचेना, म्हणून मी कामाचं बोललो. ‘झालं बाबा, आता स्टार्टर मारतो.’

‘थांब!’ एकदम त्यांचा कंपनीतला आवाज. ‘हाताने फिरवलंस का? आधी हात, मग करंट.’

लहानपणापासून हजार वेळा ऐकलेलं वाक्य. मिक्सरपासून पाण्याच्या पंपापर्यंत प्रत्येक दुरुस्तीनंतर ते हेच म्हणायचे. मेकॅनिकच्या कागदावरही तेच लिहिलं होतं, आणि मी घाईत ती ओळ गाळली होती. निमूटपणे दोन्ही प्लग काढले, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि स्टँडवर अधांतरी असलेलं मागचं चाक हळूहळू हाताने फिरवलं. क्रँकचे दोन पूर्ण फेरे झाले, की कॅमचा एक होतो आणि सगळ्या खुणा परत समोरासमोर यायला हव्यात.

पुढच्या सिलिंडरची खूण जुळली. मागच्याची एका दाताने बाजूला उभी होती.

‘जुळली?’ बाबांनी विचारलं.

‘नाही.’

‘फोन जवळ ने. मला दिसत नाहीये.’

एक दात चुकला असता, तर कदाचित इंजिन नुसतं खोकत राहिलं असतं. कदाचित जास्त काही झालं असतं. पण त्या ‘कदाचित’वर मी बोट ठेवणार होतो, आणि सहा हजार किलोमीटर लांबून एका माणसाने, जेवणानंतरची झोप सोडून, ते बोट धरलं. मी पट्टा परत काढला, खुणा जुळवल्या, परत चढवला. दोन फेरे. जुळल्या. बाबांनी आणखी दोन फिरवायला लावले. मग ताण. पट्टा बोटाने छेडायचा आणि त्याचा सूर मोबाइलवरच्या ॲपने मोजायचा, तंबोऱ्याची तार लावल्यासारखं. यात बाबा एकदम खूश!

शेवटी स्टार्टर मारला. गाडी चालू झाली आणि मांडणीतून मांजर गेलं.

‘अरे, काहीतरी सैल आहे!’

‘नाही बाबा, ड्राय क्लच. असाच आवाज असतो.’

‘असाच असतो?’ त्यांच्या चेहऱ्यावर शेजारच्या काकूंचाच भाव होता. ‘बघून घे एकदा.’

कॉल संपल्यावर मी हात धुण्याआधी तिकीट बघितलं. काळ्या बोटाचे ठसे अजून लॅपटॉपवर आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये तीन आठवडे निगडीत होतो. तिसऱ्या दिवशी चेतकवरचं कव्हर काढलं. बाबा खुर्ची टाकून बसले, मी पायरीवर. जुनं पेट्रोल काढून टाकलं. प्लग मी घासला, कार्ब्युरेटर मी फुंकला, आणि दोन्ही वेळा ‘असं नाही, आण इकडे’ असं ऐकून घेतलं. मग स्कूटर तिरकी केली. हो, मीच केली, सगळ्या सोसायटीदेखत! नवव्या की दहाव्या किकला धूर सोडत ती सुरू झाली. बाबा काठी बाजूला ठेवून मागे बसले. माझ्या मागे ते आयुष्यात पहिल्यांदाच बसले असतील. आम्ही चौकापर्यंत जाऊन आलो. येताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. थरथर शर्टातून कळत होती. स्कूटरची होती की हाताची, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी डायरी मागितली. मी पानं चाळली. पावसाळ्याच्या कितीतरी नोंदी अशा: ‘गाडी बाहेर काढली नाही. किक मारून पाच मिनिटं चालू ठेवली.’ किलोमीटरच्या रकान्यात तोच जुना आकडा, पण तारीख दर आठवड्याची. मला वाटायचं, बाबांना दुसरं काही काम नाही म्हणून ते हे करतात! शेवटची नोंद ऑगस्ट २०२३ ची होती. त्यांनी त्याखाली त्या दिवसाची तारीख घातली आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, ‘प्लग साफ. चौकापर्यंत. चि. सोबत.’

बोलोन्याला परत आल्यावर मीही एक डायरी केली आहे. मित्र हसतात. यासाठी ॲप आहे की, म्हणतात. असेल. माझ्या डायरीत तारखेचा रकाना पहिला आहे आणि पहिल्या पानावर दोनच नियम लिहिले आहेत. पट्टे दर दोन वर्षांनी. पुणे दर वर्षी. गाडी चालो वा न चालो.

तुमच्या पार्किंगमध्येही काहीतरी कव्हर घालून उभं असेलच. झिजत नाहीये, म्हणून निर्धास्त असाल. एकदा तारीख बघा. आणि स्टार्टर मारायच्या आधी हाताने फिरवा... पियानो, पियानो!