सोडिअम इलेक्ट्रॉन सहजी सोडत नाही

अकरावी सायन्सला नव्याने आलेल्या मुलांना विचारा, मीठ कसं तयार होतं? उत्तर तोंडपाठ असतं. सोडिअमला एक इलेक्ट्रॉन जास्त झालेला असतो, क्लोरीनला एक कमी पडत असतो. सोडिअम देतो, क्लोरीन घेतो, दोघांचं अष्टक पूर्ण होतं. मी रसायनशास्त्र शिकवते आणि या गोष्टीशी माझं जुनं भांडण आहे. ती चटकन लक्षात राहते, पण बंध मुळात का तयार होतो, हे विचारायचंच राहून जातं.

म्हणून मी फळ्यावर आधी 496 हा आकडा लिहिते. वायुरूप सोडिअमच्या एक मोल अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला इतके किलोज्यूल लागतात. तो इलेक्ट्रॉन ओढून काढावा लागतो. क्लोरीनच्या तितक्याच अणूंना तो मिळाला की 349 किलोज्यूल बाहेर पडतात. म्हणजे अष्टकं दोन्ही पूर्ण झाली, तरी 147 किलोज्यूलचा तोटा! मुलं इथे गोंधळतात, आणि मला तेच हवं असतं.

तोटा भरून निघतो तो विरुद्ध प्रभाराचे आयन जवळ आल्यावर. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाला सहा क्लोराइड आयन वेढून असतात आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडिअम. सुट्या आयनांपासून ही रचना जमताना मोलमागे सुमारे 787 किलोज्यूल ऊर्जा सुटते. इथे कुणाचीच कुणाशी ठरलेली जोडी नसते. घन मिठात सोडिअम क्लोराइडचा सुटा रेणू सापडणार नाही. लॉरेन्स ब्रॅगने 1913 मध्ये क्ष-किरणांच्या आधारे ही रचना मांडली, तेव्हा ती पचवणं जाणत्यांनाही जड गेलं. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने तर 1927 मध्येही ‘नेचर’मध्ये तिच्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं.

मग सोडिअम दुसरा इलेक्ट्रॉन का गमावत नाही? कारण तो आतल्या कवचातला. त्याला 4562 किलोज्यूल लागतात, आणि एवढी भरपाई स्फटिकातून होत नाही. ऑक्सिजनचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. त्याला अष्टकासाठी दोन इलेक्ट्रॉन लागतात, पण एक मिळाल्यानंतर दुसरा आत घालायला उलट ऊर्जाच खर्चावी लागते. एकटा ऑक्साइड आयन टिकत नाही. मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या स्फटिकात मात्र तो खुशाल राहतो.

अष्टकाचा नियम टाकाऊ नाही. कोणती सूत्रं संभवतात, याचा अंदाज त्यावरून पटकन येतो. मात्र त्यालाच कारण मानलं की दारं बंद होतात. राजवायूंचं अष्टक पूर्णच असतं, म्हणून ते संयुगं करणार नाहीत, असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. व्हँकुव्हरमध्ये काम करणाऱ्या नील बार्टलेटने आकडे पाहिले. प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढतो, हे त्याला प्रयोगातून दिसलं होतं. ऑक्सिजनच्या रेणूची आयनीभवन ऊर्जा मोलमागे सुमारे 1175 किलोज्यूल, झेनॉन या राजवायूची 1170. मग झेनॉन का नाही? मार्च 1962 मध्ये त्याने झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड वायुरूपात एकत्र आणले आणि नेहमीच्या तापमानालाच पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लुओरीन एकत्र तापवून झेनॉन टेट्राफ्लुओराइडचे स्फटिक मिळवले गेले. त्याची लुईस रचना काढली, तर झेनॉनभोवती 12 इलेक्ट्रॉन येतात.